मुक्या सिनेमातली भिमाबाय

भिमाबाय रागावली की आधी गप्प व्हायची. मग भुवया चढायच्या, नाकपुड्या फुलायच्या, आणि एक शब्द न बोलता समोरच्याला कळायचं की आता इथून निघावं. मी मुरबाडजवळच्या वैशाखरे गावच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि तिच्या पडवीत राहू लागलो, त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. साठीची एकटी बाई, लोकांच्या खाचरांत मजुरीला जायची. डावा हात कोपरात सरळ होत नसे. तरुणपणी मुंबईला गिरणीत होती, एवढंच गावाला ठाऊक.

म्हसा गावच्या जत्रेत आम्ही तंबूतला सिनेमा पाहिला. खलनायकाने नायिकेच्या थोबाडीत मारली, ती जिन्यावरून कोसळली. बाया डोळे पुसत होत्या. भिमाबाय मोठ्याने म्हणाली, "खोटी पडली गो! मान बघ कशी जपलीय."

दुसऱ्या दिवशी वाल निवडताना मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मी खरी पडलीय, मास्तर."

मग ती सांगत गेली. चौदाव्या वर्षी मामाने तिला मुंबईला एका सिनेमा कंपनीत नेलं. सिनेमा तेव्हा मुका होता. ती घोडे दौडवायची, तलवार चालवायची. तिच्या नावाच्या पाट्या लागायच्या. "आवाज नाय, मंग मार दिसाया पायजे ना? मालक सांगायचा, खरा चाबूक मारा. माझी पाठ फुटली, तवा लोकांनी शिट्ट्या मारल्या." एकदा गच्चीवरून उडी मारताना कोपर मोडलं. मालकाला उडी पसंत पडली नाही. हात मोडलेला असतानाच त्याने तिला पुन्हा चढवलं आणि पुन्हा उडी मारायला लावली.

"मंग बोलता सिनेमा आला. मी तोंड उघडलं, 'मी नाय जानार' बोलली, आन सगळी हसली." मालकाने तिला खोलीत कोंडलं. "'नाही' बोल, 'नाही' बोल, म्हनायचा. 'नाय' निघालं का लाथ. पोटात, छातीत. मी रगत वकली, तरी थांबंना. तिथं दिव्याची लोखंडी दांडी व्हती. घातली तोंडावर. तेचा डोळा फुटलेला मी बघितला, आन पळाली."

तो जगला की मेला, तिला कधीच कळलं नाही. ती वेगळ्या नावाने इथे येऊन राहिली, कपाळ पुसून विधवा झाली. मी पडद्यावरचं नाव विचारलं. "ते तिकडंच मेलं," म्हणाली, आणि सूप झटकून उठली.

शेजारचा गोविंद दारू पिऊन बायकोला, येसूला, मारायचा. गल्लीला ते रोजचं होतं. भातकापणीच्या दिवसांत एका दुपारी मी पडवीत वह्या तपासत होतो. येसूचे केस मुठीला गुंडाळून गोविंदने तिला फरफटत अंगणात आणलं. दुसऱ्या हातात कोयता होता. मी उभा राहिलो. हातातली वही तशीच धरून पडवीतच थांबलो.

भिमाबाय शेतावरून येत होती. डोक्यावरचा भारा टाकून ती धावली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "सोड तिला, गोविंदा!" तो हिसडला. पहिला घाव तिच्या खांद्यात बसला. तिने पुन्हा मनगट पकडलं आणि ओरडली, "येसू, पळ गो!" येसू सुटून माझ्याकडे आली, गोविंदच्या मुठीत तिचे उपटलेले केस राहिले. दुसरा घाव भिमाबायच्या मानेवर बसला. माणसं धावून गोविंदवर पडेपर्यंत भाताच्या पेंढ्या लाल झाल्या होत्या. मुरबाडच्या दवाखान्यात नेण्यासाठी बैलगाडी जुंपायला घेतली. ती जुंपून होण्याआधीच भिमाबाय गेली.

सासरच्यांनी येसूला पढवलं होतं, म्हातारी घसरून कोयत्यावर पडली म्हण. कोर्टात ती तान्ह्या पोराला कडेवर घेऊन उभी राहिली आणि थेट गोविंदकडे बघून म्हणाली, "ह्यो मला मारत व्हता. ती मदी आली, म्हनून मी जिती हाय."

गोविंदला जन्मठेप झाली. त्याआधी माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलाने विचारलं, "मास्तर, अंगण तुमच्यापासून किती लांब?"

"दहा पावलं."

"आणि पहिल्या घावापासून दुसऱ्यापर्यंत तुम्ही काय करत होता?"

समोर येसू बसली होती. मी म्हणालो, "उभा होतो."