ताईच्या फोटोतलं आयकार्ड

बिबवेवाडीतला तो फोटो स्टुडिओ आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. पण आमच्या वेळी लग्नाच्या मुलीला तिथे उभं करण्याच्या तीन पद्धती होत्या. हातात पुस्तक दिलं की मुलगी शिकलेली. प्लास्टिकच्या गुलाबाला बोट लावलं की घरगुती. कानाला फोनचा रिसीव्हर दिला की आधुनिक, पण हाताबाहेर न गेलेली. फोनची वायर टेबलामागे कुठेच जात नसे; स्थळं तिकडे बघत नसत. मागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते. अर्ध्या बिबवेवाडीची लग्नं त्या बर्फासमोर जमली.

ताई तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागली होती. लग्नानंतर नोकरी सोडायची नाही, हे तिचं पक्कं होतं. स्थळांना पाठवायच्या माहितीत तसं लिहा, असं ती बाबांना म्हणाली.

"अटी घालायला आपण काय मुलाकडचे आहोत?" बाबा म्हणाले. विषय संपला.

फोटोच्या दिवशी ती मोरपंखी काठापदराची साडी नेसली. गळ्यात आईची मोत्यांची माळ, आणि माळेवर निळ्या पट्ट्यातलं कंपनीचं आयकार्ड. त्या काळी सॉफ्टवेअरमधली मंडळी भाजी आणायलाही ते घालूनच जात, त्यामुळे आम्हाला वाटलं, काढायचं राहिलं असेल.

"अगं, ते काढ," स्टुडिओत आई म्हणाली.

"राहू दे."

"मोती झाकले जातायत."

"मोती तुझे आहेत. हे माझं आहे."

फोटोग्राफरकाका कॅमेऱ्यामागूनच म्हणाले, "वहिनी, काय ते ठरवा. बाहेर बारशाचं बाळ थांबलंय."

तेवढ्यात ते बाळ रडायला लागलं, म्हणून वाद मिटला आणि फोटो निघाला. पुस्तक नाही, गुलाब नाही, फोन नाही.

फोटो गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. दर वेळी निरोप एकच: पत्रिका जुळत नाही. त्यातल्या काहींना आम्ही पत्रिका पाठवलीच नव्हती.

"दुसरा फोटो काढा," आत्या बाबांना म्हणाली. "मुलीच्या गळ्यात नाव-नंबर बघून लोकांना येरवड्याचा तुरुंग आठवतो."

सगळ्यात मोठ्याने ताईच हसली. पण त्या दिवशी जेवताना तिने काहीच परत वाढून घेतलं नाही. फोटो मात्र बदलू दिला नाही.

मग कर्वेनगरचं एक स्थळ घरी आलं. मुलाच्या आईने ताईला स्वयंपाकाचं विचारलं, वडिलांनी बाबांना मूळ गावाचं. मुलगा पोहे खात गप्प बसला होता. निघताना, दारात चपला शोधताना, तो ताईला म्हणाला, "तुमच्या ऑफिसची बस कर्वेनगरात येते का?"

"नाही. नळस्टॉपला थांबते."

"मग तिथवर मी सोडत जाईन. स्कूटर आहे."

ते गेल्यावर आई स्वयंपाकघरात आली. "मुलगा जरा विचित्रच वाटला बाई. एवढ्या वेळात विचारलं काय, तर बस!"

ताई ओट्यापाशी उभी होती. "त्याने फोटो नीट बघितलाय," ती म्हणाली, आणि पातेल्यातले उरलेले सगळे पोहे तिने स्वतःच्या बशीत काढून घेतले.