डोळ्यांखालच्या थैल्या

बावन्नाव्या वर्षी मी ऑपरेशन करून डोळ्यांखालच्या फुगीर थैल्या काढून घेतल्या. भाचीच्या लग्नाच्या फोटोत चांगलं दिसायचं होतं, एवढंच कारण. भोकरदनच्या शाळेतली मास्तरीण असं काही करते, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं, मोतीबिंदू काढला.

फोटो झकास आले. पण दोनेक महिन्यांत डाव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली जायला लागली. आतला व्रण आखडत होता. डोळ्यातून पाणी गळायचं आणि झोपले तरी तो डोळा पुरता मिटायचा नाही. एकदा रिकाम्या तासाला वर्गातच माझा डोळा लागला. जागी झाले तर सगळी मुलं मान खाली घालून लिहीत होती. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही घोरून राह्यल्या होत्या, पण बघत बी होत्या."

शेवटी संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. नेमकी तेव्हाच केदारखेड्याहून मावशी आली. "मला बी मोतीबिंदू दाखवायचाय. तुझ्याच डॉक्टरकडं येते," म्हणाली. नको म्हणायला कारणच सुचेना. दोघी बसनं गेलो.

डॉक्टरांनी पापणी दाबून, ओढून पाहिली आणि मोठ्यानं विचारलं, "थैल्या काढायचं पहिलं ऑपरेशन कधी झालं? दिसायला बरं म्हणूनच केलं होतं ना?"

मावशी शेजारच्या खुर्चीतच होती. मी मान डोलावली. व्रण मोकळा करून कानामागची थोडी कातडी तिथं लावावी लागेल, असं डॉक्टर सांगत होते. माझं अर्धं लक्ष मावशीकडे. मग त्यांनी मावशीचा डोळाही तपासला; तिचा मोतीबिंदू एवढ्यात काढायची गरज नव्हती.

परतताना बसमधून फुलंब्रीही मागं पडलं. आता मावशी बोलणार, मग बोलणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलेले.

"काय गं," ती एकदम म्हणाली, "माझ्या बी थैल्या काढतील का?"

"मावशी, माझं काय झालं ते बघितलंस ना?"

"ते बी खरंय. मंग राहू दे."

ऑपरेशननंतर आठवडाभर माझा डोळा टाके घालून बंद ठेवला होता. मावशी सोबतीला राहिली. तब्येत विचारायला येणाऱ्यांना ती दारातच सांगायची, "तिचा मोतीबिंदू पुन्यांदा उगवला." एका शेजारणीनं विचारलं, "असं होतं व्हय?" "बिलकुल होतं," मावशी म्हणाली. "आमच्या घराण्यात तर लई." मी आत पडून तोंडात पदर कोंबला. हसलं की टाके ओढायचे.

आता डोळा बराबर मिटतो. लावलेली कातडी अजून जरा लालसर दिसते. डॉक्टरांनी त्यावर मलम लावून हलकं मालिश करायला सांगितलंय, मावशी म्हणते साजूक तूप चोळ. मी दोघांनाही हो म्हणते.