सत्तेचाळीस नंबरचं तिसरं कडवं

आमच्या लोहाऱ्याच्या मंडळीत किस्से चर्चच्या दाराबाहेरच्या चपलांसारखे साठतात. उपासना संपेपर्यंत ढीग झालेला असतो, आणि कोणती कोणाची ते कोणालाच सांगता येत नाही. लग्न होऊन मी इथं आले, त्याला आठ महिने झाले. मी फार बोलत नाही, त्यामुळं ऐकायला भरपूर मिळतं. माझं नाव सुवार्ता. आमचे ढोलकीवाले याकोबकाका पहिल्याच रविवारी म्हणाले, "नाव सुवार्ता, आन् तोंडातून शब्द न्हाय!"

इथली एक रीत आहे. गीतपुस्तकातलं एकेक गीत एकेकाला ठरलेलं. माणूस नंबरानंच ओळखला जातो. "एकशेतीस आजारी हाय, प्रार्थना करा," असं चक्क भर उपासनेत सांगतात! जिवंत माणसाचं गीत दुसऱ्यानं घ्यायचं नाही. आणि नव्या सुनेनं एका रविवारी पुढं उभं राहून आपलं गीत एकटीनं म्हणायचं. तोवर ती पाहुणीच.

पाळकसाहेबांचं म्हणणं, गीतानं माणूस आत्म्यात वाढतो. दर रविवारी मला विचारतात, "काय बाई, वाढ कशी हाय?" सोयाबीनची चौकशी करावी तसं! मी म्हणते, "बरी आहे." बरी आहे की नाही, मला खरंच माहीत नाही.

* * *

याकोबकाका जवळच्या खेड्यातून येतात. त्यांची परतीची जीप बारा वाजता चर्चसमोर येऊन उभी राहते. हॉर्न वाजला की काकांची ढोलकी पळत सुटते, आणि ढोलकीमागं आम्ही सगळे. शेवटचं गीत बहुतेक वेळा धीर धरण्याबद्दल असतं!

एकदा सोलापूरहून पाहुणे उपदेशक आले होते. गीत संपल्यावर डोळे पुसत म्हणाले, "शेवटी शेवटी एवढी उत्कंठा मी कुठल्याच मंडळीत पाहिली नाही."

"आमेन!" काका म्हणाले. जीपमधून.

* * *

माझा नवरा विजय कीबोर्ड वाजवतो. एका रविवारी वायर लावताना ट्रान्सपोजचं बटण दाबलं गेलं आणि सगळं गाणं चार पट्ट्या वर गेलं. बायका किंचाळायला लागल्या, पुरुष अर्ध्यात गप्प झाले. एकशेतीस नंबरच्या आजी मात्र रडत उभ्या राहिल्या. त्यांनी साक्ष दिली, "आज परभूनं मला वर उचललं!"

घरी आल्यावर मी विजयला विचारलं, "सांगायचं का त्यांना?"

तो चपला काढत म्हणाला, "काय सांगायचं? वर तर गेल्याच की!"

* * *

सासूबाईंचं गीत सत्तेचाळीस. क्षमेचं. त्या ते भांडी घासताना म्हणतात, तेही रागात. पहिल्या कडव्यात देव जगाला क्षमा करतो, तेव्हा कढई वाजते. दुसऱ्यात देव मला क्षमा करतो, तेव्हा ताटं. तिसऱ्यात आपण दुसऱ्याला क्षमा करायची असते.

तिथं नळ बंद होतो!

आठ महिन्यांत तिसरं कडवं मी एकदाही ऐकलेलं नव्हतं. राग नेमका कोणावर, हे विजयला विचारलं तर म्हणाला, "कोणावर न्हाय ते विचार." शेवटी काकांनी सांगितलं.

"आगं, आपल्यात पोराच्या लग्नात आईचं गीत म्हणत्यात. तुमच्या माहेरच्यांनी कागदावर छापल्याली गाणी म्हणली आन् झाले मोकळे. वयनी बसल्या हुत्या की पुस्तक उघडून!"

कार्यक्रमाचा तो कागद मीच टाईप केला होता.

* * *

मी एकशे बारा नंबर निवडला. छोटं आहे, आणि कोणाचं नाही. परसात सराव करायचे. शेजारच्या सुमनताई स्वतः बुद्धविहारात जातात, पण आमची सगळी गीतं त्यांना भिंतीपलीकडून पाठ. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकं वर आलं.

"दुसऱ्या ओळीला खाली काय उतरताव? वर जावा, वर!"

मी विचारलं, "ताई, हे म्हणताना तुम्हाला आतून काही होतं का?"

"व्हय की. भाकरी फुगती."

माझं तेवढंही होत नव्हतं.

* * *

मग तो रविवार आला. मी पुढं उभी राहिले. "एकशे बारा," म्हणाले. विजयनं सूर दिला.

आणि माझ्या तोंडून सत्तेचाळीस निघालं!

का निघालं, मला अजून कळलेलं नाही. आठ महिने कानात तेच होतं, भांड्यांसकट. मंडळीत कुजबुज सुरू झाली. जिवंत माणसाचं गीत, तेही सासूचं! विजयनं कीबोर्डवरचे हात उचलले. थांबायचं कसं तेही सुचेना, म्हणून गातच राहिले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याची चाल वेगळी आहे. शब्द हातातल्या पुस्तकात पान उलटून सापडले असते, चाल मला कोणी कधी ऐकवलीच नव्हती.

मी गप्प झाले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. सासूबाई बसल्या जागेवरून, पुस्तक मिटून, तिसरं कडवं म्हणत होत्या. सावकाश. हॉर्न आणखी दोनदा वाजला. काकांची ढोलकी काही पळाली नाही. जीप निघून गेली.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी वाढ विचारली नाही. माझा नंबर आता एकशे बारा की सत्तेचाळीस, हेही कोणी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी सुमनताई भिंतीवरून डोकावल्या. हळूच विचारलं, "काय वो, आज तुमच्यात भांडी घासली न्हायती का?"

मी मागं वळून पाहिलं. सासूबाई कढई घासत होत्या.