डाव्या खिडकीतला हात

ईशा, कबीर, फोनवर तुम्ही ही गोष्ट अर्धीच ऐकता आणि हसता, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही, आणि कोणी भुताखेतांचं काढलं की मी विषय बदलते. तरीही जे झालं ते झालं...

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबचं संमेलन आमच्या रायपुरात होतं. दुसरा दिवस फिरण्याचा — सकाळी तेलीबांधा तलावापासून निघायचं, नवा रायपूर बघायचं, मग राजिमची देवळं. काळ्या गाडीत तुमचे आजोबा आणि मी. मागच्या पांढऱ्या गाडीत आजोबांचे धाकटे भाऊ विनायककाका आणि कुंदाकाकू, नागपूरहून आलेले. त्यांच्यामागे जबलपूरचे एक गृहस्थ.

या गाड्यांना वळायचे दिवे नाहीत. उजवीकडे वळायचं तर चालवणारा हात बाहेर काढतो, डावीकडे वळायचं तर शेजारी बसलेला. याला आम्ही ‘हात देणं’ म्हणतो. पुढच्याने हात दिला की मागच्याने काही न विचारता वळायचं, असा क्लबचा नियम. आमच्या गाडीची डावी काच मात्र कित्येक वर्षं अडकलेली आहे, उतरतच नाही. म्हणून डावीकडे वळताना आजोबा उजवाच हात गोल फिरवतात. काकांना हे ठाऊक नव्हतं.

नवा रायपूर मागे पडल्यावर एका गावाशी रस्ता तलावाच्या काठावरून एकदम खाली उतरतो. त्या दिवशी उताराच्या पायथ्याशी आठवडी बाजार भरला होता, भाजीवाल्या अगदी डांबराला लागून बसलेल्या. आजोबा हॉर्न वाजवत हळूहळू त्यातून पार झाले. माझ्या मांडीवर पोह्यांचा डबा होता, तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मागे पाहिलं तर काकांची गाडी नाही.

गाडी लावून आम्ही चालत उतार चढलो. वरच डावीकडे शेतात जाणारी कच्ची वाट फुटते. कापणी झालेल्या धानाच्या शेतात, बांधाला नाक लावून पांढरी गाडी उभी होती. काका बॉनेटला टेकलेले, चेहरा पांढराफटक.

“ब्रेक गेला, दादा. वळताना पाय ठेवला तं पायडल सीधा खाली. हँडब्रेकही धरेना.”

“नशीब, इकडे वळलास,” आजोबा म्हणाले. “वळलास काहून पण?”

“वहिनीनं हात दिला न डावीकडे. म्हटलं राजिमचा रस्ता असंन.”

“मी नाही दिला, भाऊजी.”

“काहून चेष्टा करून राहिल्या? कोपरापर्यंत बाहेर होता.”

“यांच्या नजरेचं सांगू नका,” कुंदा म्हणाली. “काल हॉटेलात मलेच दीदी म्हणून चाय मांगितली यांनी.”

हसायला कोणी तयार नव्हतं. तेवढ्यात जबलपूरवाले आले. “भैया, हाथ तो हमने भी देखा. हम भी मुड़ने ही वाले थे. खुला हाथ था दीदी का.”

मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता.

काका खाली आमच्या गाडीपर्यंत आले आणि त्यांनी स्वतः ती काच दोन्ही तळव्यांनी दाबून, ओढून पाहिली. हलली नाही. मग ते बाजाराकडे बघत उभे राहिले. रस्त्याच्या अगदी कडेला, वांग्यांच्या ढिगाशेजारी, एक लहान पोट्टी बोरं खात बसली होती.

आजोबांचं म्हणणं, ऊन समोरून होतं. असेल... पण उन्हाने हात पुसट दिसेल, नसलेला कसा दिसेल? काचेतलं प्रतिबिंब म्हणावं, तर दोन वेगळ्या गाड्यांतून दोघांना एकच हात दिसणार नाही. रस्त्याच्या कडेला कोणी उभं होतं म्हणावं, तर हात दिसला तिथे, कच्च्या वाटेच्या अलीकडे, डाव्या बाजूला तलावाचं पाणीच होतं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असंही वाटत नाही.

विनायककाका दर रविवारी फोन करतात आणि अर्धा वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. पूर्वी मी फोन लगेच आजोबांकडे द्यायचे. आता दोन्ही गुडघ्यांचं सगळं ऐकून घेते.