लाल झालेला प्रबंध

विद्यापीठात मी डेटाचं काम बघते. पीएचडीचे प्रबंध सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी किती जुळतात ते बघायचं आणि रिपोर्ट समितीपुढं ठेवायचा. नांदेडात लोक मला वचकून असतात, आणि खरं सांगू का, मला ते आवडतं. पुढाऱ्याचा पाव्हणा असो की शिपायाची पोरगी, माझ्याकडं रांग एकच.

त्या दिवशी किनवटकडची एक पोरगी समोर बसली होती. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. जंगलातल्या गावांत बाळंतपणं कशी होतात यावर तिनं प्रबंध लिहिला होता, पायी फिरून, म्हाताऱ्या सुइणींपुढं बसून. मी रिपोर्ट उघडला आणि तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं लाल. लातूरच्या एका कॉलेजातून जमा झालेल्या फाईलशी अख्खा प्रबंध जुळत होता.

"मॅडम, म्या कुणाचंच बघून न्हाई लिहिलं," ती म्हणाली.

सोमवारी समिती बसणार होती. तोवर उलगडा झाला नाही तर नोंदणी रद्द आणि नावाला चोरीचा डाग. तिच्या मार्गदर्शकांनी तोडगा सांगितला होता, शब्द बदलून आण, लाल कमी होईल. पोरगी बिचारी तयारही झाली होती.

"सुईण काढून कोणता शब्द टाकू, मॅडम?" तिनं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

"चोरी केली असशील तर मीच तुला घरी पाठवीन. केली नसशील तर बदलायचं कशाला?"

मग मी खोदून खोदून विचारलं. प्रबंध कुणाकुणाच्या हातात गेला होता? सरांच्या, बाइंडिंगवाल्याच्या... आणि हळूच म्हणाली, "बाहेर चेक करून घेतला व्हता."

घ्या! आमच्याकडं ही रीतच पडलीय. विद्यापीठात देण्याआधी पोरं गेटसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रबंध चेक करून घेतात, लग्नाआधी ब्लाऊज घालून बघावा तसं. दुकानदाराकडं कुण्या प्राध्यापकाचा पासवर्ड असतो. तपासून झाल्यावर फाईल साठवू नका, एवढी एक खूण करायची असते. ती करतंय कोण? फाईल त्या प्राध्यापकाच्या कॉलेजात जमा होऊन बसते, आणि पुढं पोरगं आपल्याच लिखाणाचा चोर ठरतं.

पण हा झाला माझा अंदाज. समितीला पुरावा लागतो. लातूरला फोन केले तर "उद्या बघू". शनिवारी सकाळी मी सरळ एसटी धरली. अहमदपूरला कडक चहा घेतला आणि भांडायच्या तयारीनंच कॉलेजात शिरले.

तिथलं डेटाचं काम बघणारे चाचा नियमाला पक्के निघाले. "मॅडम, प्राचार्यांच्या परवानगीबिगर दुसऱ्याची फाईल न्हाई उघडणार." राग आला, पण मनातून बरंही वाटलं; मीही हेच म्हणाले असते. प्राचार्यांच्या दारात बसून राहिले आणि सही घेऊनच उठले. चाचांनी फाईल उघडली, चष्मा वर केला.

"तौबा! पहिल्याच पानावर तुमच्या पोरीचं नाव हाय की!"

त्यांनी तसं लेखी दिलं आणि ती फाईल काढूनही टाकली.

सोमवारी मी प्रबंध पुन्हा तपासला आणि ते पत्र व नवा रिपोर्ट समितीपुढं ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "मिटलं मग. तांत्रिक चूक झाली, एवढं लिहू." मी म्हटलं, "तेवढ्यानं भागणार नाही, सर. हिनं चोरी केली नाही, असं लिहा." थोडी कुरकुर झाली. पण लिहिलं.

पोरगी बाहेर बाकावर बसली होती. मी रिपोर्ट तिच्या हातात दिला. लाल कुठंच नव्हतं, असलं तर सरकारी योजनांच्या नावांपुरतं. ती एकेक पान उलटत राहिली.

"म्हंजे हे सगळं माझंच हाय ना, मॅडम?"

"हाव. तुझंच."

मग तिनं पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला. भीतीपायी दोन दिवस बसून तिनं पहिलं प्रकरण बदलून काढलं होतं. जिथं जिथं सुईण होती, तिथं तिथं 'प्रसूतिसहायिका' बसली होती. मला भरून आलं, आणि संतापही आला.

"हे फाडू का?" तिनं विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "अर्धे इकडं दे."