सलाईनच्या दांडीला बांधलेले बैल

"आजोबा, तुम्हाला डिलिरियम ट्रेमन्स झाला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोजची दारू एकदम तोडली की मेंदू खवळतो. हातपाय थरथरतात, नसलेलं दिसतं, झटके येतात. सुनेनं वेळेवर आणलं नसतं तर जीव गेला असता."

मी म्हटलं, "बाई, माणूस दारू पिऊन मरते. सोडून कसा मरन?"

"एकदम सोडली तर मरतो."

मले माझा लहाना भाऊ थावरा आठवला. त्यानं होळीनंतर दारू सोडली, देवीची शपथ घेऊन. चौथ्या दिवशी भर दुपारी झटके येऊन अंगणात पडला तो उठलाच नाही. शपथेत काही खोट राह्यली, देवी कोपली, असं मीच सगळ्याइले सांगितलं. तांड्याचा नायक मी, माझं कोण खोडून काढन?

तो कशानं गेला ते मले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या त्या खाटेवर कळलं.

माझं नाव वसराम. फुलसावंगीच्या बाजूले आमचा बंजाऱ्यांचा तांडा. शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण लिहून राह्यलो, काहून का आमच्या माणसाले ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आमच्यात भांडण झालं का नसाब बसते, म्हणजे तांड्याची पंचायत. न्याय झाला का दारू फिरते. पहिला प्याला नायकाचा. नायकानं तोंडाले लावला का न्याय पक्का, मंग कोणी मागं फिरत नाही. माझ्या बापानं असेच न्याय केले, मी बी केले. पिणं हे मी माझं काम समजत होतो. बायको गेल्यावर मात्र मी न्यायाची वाट पाहणं सोडलं. सकाळी हात थरथरे, एक घोट घेतला का थांबे.

मंग पोट दुखाले लागलं. बाजाराच्या गावी एका दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनं नाव विचारलं, गाव विचारलं अन् नाडी न धरताच म्हणाला, "तांड्यावरचे ना? तुम्हा लोकांचं रोजचंच आहे हे." सलाईन लावलं अन् घरी धाडलं. माझ्या आधी एक मास्तर बसला होता. त्याचीबी दारूचीच तक्रार होती. त्याले डॉक्टरनं अर्धा घंटा समजावलं, यवतमाळची चिठ्ठी दिली. त्याचा तो आजार अन् माझी ती जात.

माझं डोकं फिरलं. घरी येऊन बाटली दगडावर फोडली. म्हटलं, दाखवतो याले.

माझी चूक ती हीच. कोणाले दाखवण्यासाठी दारू सोडू नका. एका दिवसात तर अजिबात नाही.

पहिल्या दिवशी घाम. दुसऱ्या दिवशी भाकर हातात धरवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर मुंग्या दिसल्या, मंग भिंतच चालाले लागली. मी ओरडत होतो म्हणतात. तांड्याचा कारभारी लछमन माझा लहानपणचा दोस्त. तो म्हणाला, "थावरासारखंच हाय. भगताले बोलवा, देवीले बकरा कबूल करा."

माझी सून ललिता बारावी शिकलेली. आमच्यात सून सासऱ्यासमोर घुंगट घेते, थेट बोलत नाही. दहा वर्षांत तिचा आवाज मी भिंतीआडूनच ऐकला होता. त्या दिवशी तिनं घुंगट मागं सारला अन् सगळ्यांसमोर माझा हात धरला. "बा, बकरा देवीले मागून देऊ. आधी जीपमंदी बसा." लछमन म्हणाला, "पोरी, नायकाले हात लावते?" ती म्हणाली, "मंग तुम्ही लावा, कारभारी. दुसरा दंड धरा." त्यानं धरला.

वॉर्डातलं मले एवढंच आठवते. बैल आले. आमचे पणजोबा बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूख फिरत. ते बैल खाटांमधून चालत होते, पाठीवर गोणी, गळ्यात घंटा. मी एकेक बैल सलाईनच्या दांडीले बांधत होतो अन् वॉर्डबॉयले म्हणत होतो, "बाजूले हो, लाथ मारन!"

तेव्हा कोणीतरी माझ्या बोलीत विचारलं, "बा, कांई वेगो?" बा, काय झालं? ती सिस्टर होती, पुसदकडल्या तांड्याची. मी म्हटलं, बैल मोजून घे. ती म्हणाली, "मोजले बा, सगळे हाय. आता निजा." मी निजलो. तिनं बैल खोटे म्हटले असते तर मी तिच्याशीबी भांडलो असतो.

रोज गोळ्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. पाचव्या दिवशी बैल गेले. डॉक्टरीणबाई विचारत, "उदास वाटतं का? जगणं नकोसं वाटतं का?" मी म्हणे, नाही. नायक उदास होते काय? दोन दिवस असंच चाललं. मंग बाईनं सिस्टरले सोबत बसवलं. सिस्टरनं आमच्या बोलीत एकच विचारलं, "बा, याडी गेल्यावर जेवताना कोणासंग बोलता?"

याडी म्हणजे आई, माझ्या बायकोले ती तसं म्हणाली. डोळ्याले पाणी आलं ते थांबेना. लाज वाटली. बाई म्हणाल्या, "याला डिप्रेशन म्हणतात. मन आजारी पडतं, जसं पोट पडतं. यालाही औषध आहे." दर मंगळवारी त्यांची ओपीडी. आता मी जातो. झोप येते. सगळेच दिवस चांगले नसतात.

खरी भीती घरी आल्यावर वाटली. नायक दारू पेला नाही तर न्याय कसा पक्का होईन? नायकीचं पागोटं लछमनले देऊन टाकावं, असं ठरवलंच होतं. तेवढ्यात दोन चुलतभावाइची धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नसाब बसली. न्याय झाला. प्याला माझ्यासमोर आला. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. वास नाकात गेला अन् तोंडाले पाणी सुटलं, खोटं कायले सांगू.

मी ललिताले हाक मारली. "गूळ आण." म्हटलं, "आपल्यात सगाई गुळानं पक्की होते. पोरीचा जन्म गुळावर देता, मंग धुरा काहून नाही?"

लछमन हसला. "नायकाले मुंगळे लागतीन आता."

"लागू दे. भिंतीवरच्यापेक्षा खरे राह्यतीन."

दोघा भावाइनं गूळ खाल्ला. काही लोक नंतर आडोशाले जाऊन पेलेच. पण न्याय टिकला.

आठ दिवसांनी, सोमवारी दुपारी, लछमन माझ्या ओट्यावर आला. बिडी पेटवाले गेला तर काडी धरवेना. खाली पाहून म्हणाला, "तुह्या त्या बाईचा वार कोणता? मी तं आजपासून सोडूनच देतो. एकदम."

मी त्याचा हात धरला. "आज सोडू नको."

"नायक, तू मले दारू प्यायले सांगून राह्यला?"

"उद्या मंगळवार. जीप येते. बाई सांगन तशी सोड, तिच्यासमोर सोड. तोवर एकटा राहू नको, इथंच बस."

तो बसला. ललितानं चहा आणला, घुंगट न घेता, अन् त्याच्या थरथरत्या हाताकडे पाहून कप अर्धाच भरला.

त्या सुनेचा अन् त्या सिस्टरचा मी ऋणी आहे. थावराले हे सांगायले मी होतो. मले माहीत नव्हतं.