नेऱ्याच्या फार्महाऊसवर बाबा

भावाच्या हळदीच्या दिवशी मांडवाची कामं उरकून बाबा अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. चुलत बहिणींनी त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली, तरी उठले नाहीत, झोपेतच हसले. भावाने मोबाइलवर फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. गव्हाण गावातल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याने तो लाइक केला. चार महिन्यांनी बाबा गेले.

मी पनवेलच्या एका शाळेत मराठी शिकवते. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मला जवळच्याच नेऱ्याला घेऊन गेल्या. मुंबईच्या एका चित्रकाराने तिथल्या आपल्या फार्महाऊसवर प्रदर्शन मांडलं होतं. नेटवर सापडलेले अनोळखी माणसांचे फोटो मोठे छापायचे आणि त्यांच्यावर रंगकाम करायचं, अशी त्याची पद्धत. कुणी भांडी घासतंय, कुणी केस विंचरतंय. सगळ्यांचे चेहरे पांढऱ्या रंगाने पुसलेले.

चौथ्या की पाचव्या चित्रापाशी माझे पाय थबकले. मीच घेतलेला चौकड्यांचा शर्ट, आमच्या अंगणातली जास्वंद, आणि मांडीवर पडलेला उजवा हात. लहानपणी मिठागरावर चिरडून अर्धी झालेली करंगळी. मानेच्या वर नुसता पांढरा रंग.

चित्रकार जवळ येऊन समजावू लागला, "चेहरा काढला ना, की माणूस कुणाचाही होतो."

"हे माझे बाबा आहेत."

मला वाटलं, तो ओशाळेल. त्याचे डोळे चमकले. "काय सांगता! प्लीज, तिथेच उभ्या राहा." मी डोळ्यांना पदर लावेपर्यंत त्याने माझा फोटो काढलासुद्धा.

"विचारायचं तरी होतंत," मी म्हटलं.

"मॅडम, फोटो पब्लिक होता. कुणीही बघू शकत होतं."

"बघायचं होतं मग. पुसलात कशाला?"

तो दुसऱ्या पाहुण्यांकडे वळला.

संध्याकाळी त्याच्या पेजवर मी होते. वर ओळ: 'अनोळखी माणसाला त्याची मुलगी भेटली.' खाली बदामांचा पाऊस. भावाने तो फोटो अभिमानाने शेअर केला, "आमचे बाबा प्रदर्शनात!" मी त्याला फोन करून नाही नाही ते बोलले. "काढून टाक सगळं. तू टाकलास म्हणून त्याला मिळालं." तोही तापट. रागाच्या भरात त्याने अख्खं अकाउंटच कायमचं डिलीट करून टाकलं. ज्या मोबाइलवर फोटो काढला होता, तो त्याआधीच खाडीत पडला होता.

वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आई म्हणाली, "हळदीतला लावा. त्यात हसतान ते." भाऊ खाली मान घालून बसला. अकाउंट पुन्हा उघडायचा प्रयत्न त्याने केला होता, काही परत आलं नव्हतं. कुणाच्याच मोबाइलमध्ये तो सापडला नाही.

मी अपमान गिळून चित्रकाराला फोन केला. तो अगदी सभ्यपणे बोलला. "सॉरी हं, ओरिजिनल मी ठेवत नाही. काम झालं की डिलीट करतो, तो माझ्या प्रोसेसचा भाग आहे. पेंटिंगची इमेज पाठवू का?" त्याचा तो सभ्यपणा मला अजून सहन होत नाही.

त्याने पाठवलेली इमेज आईला दाखवली. तिने आधी करंगळी पाहिली, मग त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. जणू खाली काही निघेल.

"मंग तोंड कशाला पुसला त्यानी? वाईट दिसत होता काय?"

"नाय गो, आई."

"मंग?"

मी मोबाइल पालथा ठेवला. आम्ही आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात बाबा कॅमेऱ्याला घाबरल्यासारखे दिसतात. येणारे-जाणारे म्हणतात, असे नव्हते हो ते.

पुढे चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं, ते चित्र चांगल्या किमतीला गेलं. कुणाच्या घरी, ते मी विचारलं नाही.